कानाकडून यंत्राकडे

नोव्हेंबरअखेर ४८ तास चालणाऱ्या, हौशी रेडिओचालकांच्या सीक्यू वर्ल्डवाइड मोर्स स्पर्धेत दूरस्थ केंद्राचा क्षीण स्वर हुडकणे हे एके काळी केवळ अभ्यस्त कानाचे कसब होते. पुढे १९८०च्या दशकात पॅकेट रेडिओच्या, म्हणजे रेडिओवरून संगणकी संदेश धाडणाऱ्या, जाळ्यातून हौशी मंडळी अशा केंद्रांची वर्दी परस्परांस देऊ लागली, तरी ऐकणारा मनुष्यच होता. २००८ साली ‘सीडब्ल्यू स्किमर’ ही संगणकप्रणाली अवतरली आणि शेकडो मोर्स संकेत एकसमयावच्छेदेकरून उलगडू लागली. तिच्या आधारे उभ्या राहिलेल्या ‘रिव्हर्स बीकन नेटवर्क’ने संकेतनाम, कंप्रता, वेग व तीव्रता यांचा जणू जागतिक रोजनामाच मांडला. अशी कुमक घेणाऱ्या एकट्या स्पर्धकाची नोंद निराळ्या वर्गात होते. यंत्राने वर्दी दिली, तरी गर्दीतून आपली हाक पलीकडे पोहोचविण्याची जबाबदारी मात्र माणसाकडेच राहिली.