तीन तहकुब्या : पूर्व पाकिस्तानातील १९७०ची निवडणूक, चक्रीवादळ आणि राष्ट्रसुरक्षेचा कायदा

राष्ट्राची सुरक्षितता ही कल्पना कायद्याच्या ग्रंथांत बहुधा शत्रू, सरहद्द, फितुरी आणि बंड या चार शब्दांभोवती फिरत आलेली आहे. निवडणुकीची विशुद्धता आणि हवामानातील पालट हे विषय तिच्या कक्षेत यावेत काय, हा वाद त्या मानाने अलीकडचा होय. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा समितीत हवामानपालटाची पहिली चर्चा १७ एप्रिल २००७ रोजी झाली. १३ डिसेंबर २०२१ रोजी त्यासंबंधीचा ठराव रशियाच्या नकाराधिकारामुळे बारगळला आणि भारतानेही त्याच्या विरुद्ध मत दिले. तथापि निसर्गाचा कोप, निवडणूक आणि सुरक्षेचा कायदा या तिहींची एकाच राज्यात, काही महिन्यांच्या अवधीत गाठ पडल्याचा दाखला इतिहासात आहे. तो पूर्व पाकिस्तानातील १९७०-७१च्या घटनांचा. त्याचे परीक्षण करणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

पूर्व बंगालच्या राजकीय मागण्यांकडे सुरक्षेच्या दृष्टीने पाहण्याची सवय पाकिस्तानच्या केंद्रसत्तेस आधीपासूनच जडलेली होती. १९५४च्या प्रांतिक निवडणुकीत संयुक्त आघाडीने मुस्लिम लीगचा धुव्वा उडविला; पण तिचे मंत्रिमंडळ काही आठवड्यांतच बडतर्फ होऊन गव्हर्नरची राजवट आली. १९६६ साली सहा कलमी कार्यक्रम मांडल्यानंतर शेख मुजीबुर रहमान यांस देशसंरक्षणाच्या नियमांखाली स्थानबद्ध करण्यात आले. १९६८ साली आगरताळा कटाच्या खटल्यात ते आरोपी झाले. लोकक्षोभामुळे फेब्रुवारी १९६९ मध्ये तो खटला मागे घ्यावा लागला.

२५ मार्च १९६९ रोजी सत्ता हाती घेतलेल्या जनरल याह्याखान यांनी प्रौढ मतदानाच्या पायावर पहिली सार्वत्रिक निवडणूक घेण्याचे ठरविले आणि ३० मार्च १९७० रोजी ‘लीगल फ्रेमवर्क ऑर्डर’ हा हुकूम काढला. या हुकुमाची घडण बारकाईने पाहण्यासारखी आहे. राज्यघटना १२० दिवसांत तयार झाली पाहिजे, नाही तर सभा विसर्जित होईल, असे बंधन त्याने लोकप्रतिनिधींवर घातले. परंतु हे दिवस सभेच्या पहिल्या बैठकीपासून मोजावयाचे होते, आणि ती बैठक केव्हा बोलवावयाची हे अध्यक्षांच्या मर्जीवर सोडले होते. हुकुमाचा अर्थ लावण्याचा अंतिम अधिकारही अध्यक्षांचाच. त्यावर न्यायालयात दाद नव्हती. सारांश, मुदतीचे बंधन सभेला होते, सत्तेला नव्हते.

मतदान ५ ऑक्टोबर १९७० रोजी व्हावयाचे होते. ऑगस्टमधील महापुरांमुळे ते ७ डिसेंबरवर गेले. ही पहिली तहकुबी. त्यानंतर १२ नोव्हेंबरच्या रात्री बंगालच्या उपसागरातील चक्रीवादळ भरतीच्या वेळी गंगेच्या मुखाशी असलेल्या सखल बेटांवर आदळले. नरसाळ्याच्या आकाराचा उपसागर आणि उथळ किनारा यांमुळे समुद्राची लाट विलक्षण उंच चढली. मृतांची संख्या तीन ते पाच लाख धरण्यात येते. भोला बेटावरील तजुमुद्दीन ठाण्यात सुमारे ४५ टक्के लोकसंख्या नष्ट झाली. वादळाची चाहूल उपग्रहाच्या चित्रांवरून लागलेली होती, परंतु तिचे गांभीर्य किनाऱ्यावरील माणसांपर्यंत पोहोचले नाही. मदतकार्यातील दिरंगाईने जनक्षोभ उसळला. मौलाना भाशानी यांच्या पक्षाने निवडणुकीतून अंग काढून घेतले. मुजीब यांनी मात्र निवडणूक पुढे ढकलण्यास विरोध केला. अखेरीस किनाऱ्यावरील राष्ट्रीय सभेच्या ९ मतदारसंघांपुरतेच मतदान १७ जानेवारी १९७१ रोजी घेण्याचे ठरले. ही दुसरी तहकुबी.

या दोन्ही तहकुब्यांना कारण प्रत्यक्ष होते आणि पुढील दिवस नेमलेला होता. मतदानही मोठ्या प्रमाणावर निर्वेध झाले. पूर्वेकडील १६२ सर्वसाधारण जागांपैकी १६० जागा अवामी लीगला मिळाल्या. स्त्रियांच्या राखीव जागा धरून ३१३ सभासदांच्या सभेत तिचे १६७ सभासद, म्हणजे निर्भेळ बहुमत झाले.

तिसरी तहकुबी निराळ्या जातीची होती. ३ मार्चला बोलाविलेली सभा १ मार्च १९७१ रोजी याह्याखान यांनी पुढील तारीख न देता पुढे ढकलली. भुट्टो यांच्या पक्षाचा सभेवरील बहिष्कार आणि भारताने निर्माण केलेला म्हणे तणाव, ही कारणे सांगण्यात आली. पूर, वादळ यांची जागा आता ‘सुरक्षितते’ने घेतली. ढाक्यात असहकार पेटल्यावर ६ मार्चला २५ मार्च ही तारीख जाहीर झाली; पण त्या रात्री सभा भरली नाही, लष्कर रस्त्यावर उतरले. बहुमत मिळविलेल्या पक्षावर बंदी आली आणि त्याच्या नेत्यावर राज्याविरुद्ध युद्ध पुकारल्याचा गुप्त खटला लष्करी न्यायालयात चालला. डिसेंबरात पाकिस्तान दुभंगले.

वादळामुळे पाकिस्तान फुटले, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. सहा कलमे वादळाच्या सुमारे पावणेपाच वर्षे आधीची होत. वादळाने एवढेच केले की, राज्य कोणाच्या सुरक्षिततेसाठी आहे हा प्रश्न प्रत्येक मतदाराच्या दारात आणून ठेवला. देशाच्या अखंडतेचे रक्षण हुकुमात नमूद होते; लाटेखाली जाणाऱ्या माणसाचे रक्षण त्यात कोठेच नव्हते. आणि निवडणुकीची विशुद्धता पेटीपाशी टिकली, पण मोजणीनंतर ढासळली. पाकिस्तानच्या सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल १९७२ मध्ये आस्मा जिलानी खटल्यात याह्याखान यांची सत्ता बळकावलेली ठरविली खरी. परंतु तोवर दाद मागणारा निम्म्याहून अधिक देश उरलेला नव्हता.

१९७०चे वादळ हवामानपालटाचे अपत्य होते असे म्हणण्यास आधार नाही. पण समुद्राची पातळी वाढत असता अशा लाटांचा धोका वाढणार, हे आज निश्चित आहे, आणि मतदानाच्या तारखा पुढेही वादळांशी अडखळणार. भारताच्या १९५१च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचे ५७वे कलम या दृष्टीने उद्बोधक आहे. नैसर्गिक आपत्तीमुळे मतदान तहकूब करता येते; मात्र निर्वाचन आयोगाच्या संमतीने शक्य तितक्या लवकर नवा दिवस नेमावा लागतो आणि तोवर मते मोजता येत नाहीत. हवामानपालटाला राष्ट्रसुरक्षेच्या कायद्यात स्थान द्यावयाचे झाल्यास ते याच अटीवर द्यावे : कारण तपासता यावे, तारीख नेमलेली असावी आणि न्यायालयाचे दार उघडे असावे. तारखेवाचून केलेली तहकुबी ही तहकुबी नव्हेच. तो नकार होय.