युनिक्समधील ‘पीएस’ आज्ञा : पर्यायवाचनातील विसंगतीची ऐतिहासिक कारणे

युनिक्स संचालन प्रणालीत संगणकावर चालू असलेल्या प्रक्रियांची यादी देणारी ‘पीएस’ ही आज्ञा नित्य वापरातील आहे. तिचे पर्याय मात्र एकाच नियमाने वाचले जात नाहीत. ही विसंगती आज्ञावलीकारांच्या निष्काळजीपणातून उद्भवली असा समज होणे स्वाभाविक आहे. वस्तुतः तिचे मूळ युनिक्सच्या शाखाभेदात आहे.

बेल प्रयोगशाळेच्या सातव्या आवृत्तीत (१९७९) ‘पीएस’ची पर्याय-अक्षरे डॅशशिवाय लिहीत असत. बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बीएसडी शाखेने हीच परंपरा पुढे चालविली. एटी अँड टी कंपनीच्या सिस्टिम फाइव्हने (१९८३) डॅश स्वीकारला. शिवाय अक्षरांचे अर्थही निराळे ठेवले. बीएसडीतील ‘यू’ म्हणजे स्मृती व प्रोसेसर यांच्या वापरासह केलेली तपशीलवार मांडणी. सिस्टिम फाइव्हमध्ये ‘यू’पुढे वापरकर्त्याचे नाव द्यावे लागे. १९९२ च्या पॉझिक्स मानकाने दुसरा अर्थ ग्राह्य धरला. तोपर्यंत बर्कलेच्या वळणात तयार झालेल्या प्रशासकांची सवय मात्र पक्की झाली होती.

लिनक्सच्या ‘प्रॉकप्स’ संचाने दोन्ही पद्धती स्वीकारल्या आणि दोन डॅशांची ग्नू पद्धतीही जोडली. या औदार्याची किंमत ‘एयूएक्स’ या तीन अक्षरांत दिसते. डॅशशिवाय ती लिहिल्यास सर्व प्रक्रियांची तपशीलवार यादी मिळते. डॅशसह लिहिल्यास मानकानुसार अर्थ होतो तो ‘एक्स’ नावाच्या वापरकर्त्याच्या प्रक्रिया! असा वापरकर्ता नसल्यास जुन्या सवयीचा मान राखून, इशारा देऊन, पहिला अर्थ लावण्याची सोय प्रॉकप्समध्ये करण्यात आली. म्हणजे आज्ञेचा अर्थ यंत्रावर कोणाचे खाते आहे यावर अवलंबून राहिला. ही तडजोड समजण्याजोगी असली तरी समर्थनीय म्हणता येत नाही. तपशीलवार यादीत प्रक्रिया-क्रमांक दुसऱ्या स्तंभात असतो, तर साध्या यादीत पहिल्या. दुसरा स्तंभ वाचून प्रक्रिया थांबविणाऱ्या स्क्रिप्टच्या हाती अशा वेळी क्रमांकाऐवजी टर्मिनलचे नाव येते.

सोलॅरिसने निराळा मार्ग पत्करला होता. तेथे दोन स्वतंत्र ‘पीएस’ दोन निर्देशिकांत ठेवले होते आणि कोणता चालेल हे शोधमार्गाच्या क्रमावर ठरे. प्रॉकप्सच्या कर्त्यांनी एकच आज्ञा ठेवून ‘पीएस पर्सनॅलिटी’ या परिसर-चलाद्वारे तिचे वर्तन बदलण्याची मुभा दिली. कालबाह्य वाचनच हवे असणाऱ्यांसाठी आणखी एक चल होते. त्याचे नाव ‘आय वाँट अ ब्रोकन पीएस’, अर्थात ‘मला मोडका पीएस हवा आहे’, असे ठेवण्यात आले.