धरणगावच्या जिनाची कुळकथा

दिवाळीच्या सुमारास धरणगावला कापसाच्या गाड्या लागल्या की जिनांचे रूळ फिरू लागतात. चामड्याच्या खरबरीत रुळाला रुईचे तंतू चिकटून पलीकडे ओढले जातात आणि पोलादी पात्याशी अडलेली सरकी खाली गळते. रुळाचे हे जिन १८४० साली अमेरिकेत मॅकार्थी याने सिद्ध केले. परंतु त्या घराण्याची थोरली पाती व्हिटनीची, आणि तिची हकीकत जाणल्यावाचून खानदेशच्या कापसाचा इतिहास पुरा होत नाही, असे माझे ठाम मत आहे.

१७९३ साली अमेरिकेतच व्हिटनीने तारेच्या दातांचे जिन रचले, तेव्हा आखूड धाग्याच्या कापसाची चिवट सरकी हातांनी सोडविण्यात दिवस दिवस घालविणाऱ्या गुलामांचे कष्ट हलके व्हावयास हवे होते. परंतु रुई काढणे स्वस्त होताच कापूस पेरणे अमाप किफायतीचे ठरले, आणि पेरण्या-वेचण्यासाठी माणसांचीच खरेदी वाढून, १७९० मध्ये सात लाखांच्या आत असलेली गुलामांची संख्या १८६० पर्यंत चाळीस लाखांच्या घरात गेली. आईच्या कुशीतले लेकरू लिलावात विकले जाई, आणि कायदा विकणाऱ्याच्या पाठीशी उभा राही!

पश्चिमेच्या नव्या मुलखात गुलामगिरीची ही प्रथा शिरू द्यावी की नाही, या वादात तिचा विस्तार रोखू पाहणारे लिंकन १८६० च्या निवडणुकीत विजयी होताच दक्षिणेची संस्थाने फुटू लागली, आणि १२ एप्रिल १८६१ रोजी सम्टर किल्ल्यावर तोफा सुटल्या. लिंकन यांचा मुक्तीचा जाहीरनामा १ जानेवारी १८६३ रोजी निघाला. ९ एप्रिल १८६५ रोजी दक्षिणेचा सेनापती ली शरण आला, आणि त्याच वर्षी घटनादुरुस्तीने गुलामगिरी संपली.

या युद्धात उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे कोंडल्यामुळे अमेरिकी कापसाअभावी इंग्लंडातील लँकेशायरचे माग बंद पडले आणि खानदेशच्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला. जळगावची पेठ भरभराटली. कलेक्टर अॅशबर्नर यांनी देशी वाण हटवून हिंगणघाटी बियाणे नेटाने पसरविले. लोभाने भेसळ इतकी माजली की १८६३ साली सरकारला तिच्याविरुद्ध कायदा करावा लागला. युद्ध थांबताच भाव कोसळले, १ जुलै १८६५ रोजी मुंबईच्या सट्टेवाल्यांचे वायदे बुडाले, आणि जळगावच्या पेठेलाही जबर तडाखा बसला.

परमुलखातील त्या रक्तपातातून आपल्याकडे कापसाच्या भावापलीकडचे काही घेतले ते जोतीराव फुले यांनी: १८७३ साली 'गुलामगिरी' हा ग्रंथ त्यांनी गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतील सज्जनांना अर्पण केला, आणि आपल्या देशबांधवांनी शूद्रांच्या मुक्तीसाठी तोच कित्ता गिरवावा, अशी इच्छा त्या अर्पणपत्रिकेत नोंदविली.