ठोका कुणाचा?

(नभोवाणीवरील भाषण, संपादित)

मी बी.ए. झालेला माणूस. कविता लिहितो. विज्ञानाशी माझा संबंध मॅट्रिकपुरता. तरीही आज एका नळीविषयी बोलणार आहे, कारण ती नळी खुलताबादेत माझ्या बहिणीच्या अंगणात वाजली.

बहीण कर्करोगानं गेली. तिचा मुलगा तेव्हा अकरावीत होता. गल्लीत कुणीतरी बोलून गेलं, अंगणातल्या जुन्या काळ्या फरशीत काहीतरी असणार. बोलणारा विसरला, पोरगं विसरलं नाही. वर्षभर खटपट करून, कॉलेजातल्या सरांच्या देखरेखीखाली, त्यानं गायगर काउंटर तयार केला. अ‍ॅल्युमिनियमची नळी, आतून पॉलिश पेपरनं घासून लखलखीत केलेली. मधोमध ताणलेली बारीक तार. वेल्डिंगवाल्याकडून आणलेला आर्गॉन वायू, त्यात स्पिरिटची थोडी वाफ. तोंडावर पातळ पारदर्शक प्लास्टिक. घरात ती नळी अधूनमधून टक् करायची. भर दुपारी अंगणात नेली, तर ठोके जवळजवळ दुप्पट.

"मामू, फरशीच आहे," तो म्हणाला. त्याच्या आवाजात भीती होती, आणि एकदाचं कारण सापडल्याचं समाधानही. मला त्या समाधानाचीच जास्त धास्ती वाटली.

सरांनी मात्र एकच विचारलं, "तेव्हा ऊन होतं का?"

या प्रश्नामागे सव्वाशे वर्षांहून मोठा इतिहास आहे, हे मला पुढं वाचून कळलं. 1887 साली जर्मनीत कार्ल्सरूहे इथं हाइनरिश हर्ट्झ विद्युतलहरींचे प्रयोग करत होता. छोटी ठिणगी नीट दिसावी म्हणून त्यानं ती अंधाऱ्या पेटीत झाकली, तर ती आखूड झाली! मध्ये काच धरली तरी तेच. स्फटिकाची म्हणजे क्वार्ट्झची चकती धरली, तर मात्र फारसा फरक नाही. काच जे अडवते आणि क्वार्ट्झ जे जाऊ देतो, ते म्हणजे अतिनील किरण. मोठ्या ठिणगीतले हे किरण धातूवर पडून लहान ठिणगीला वाट करून देत होते. इलेक्ट्रॉन हा शब्दही तेव्हा रूढ नव्हता. हर्ट्झनं पाहिलं तेवढं लिहून ठेवलं आणि तो आपल्या कामाकडे परत गेला. त्याचा अर्थ 1905 साली आइन्स्टाइननं लावला: प्रकाश किती झगझगीत आहे यावर इलेक्ट्रॉन सुटणं अवलंबून नाही, त्याच्या एकेका कणात पुरेसा जोर हवा.

गायगरनं पहिला मोजक 1908 साली रदरफर्डबरोबर मँचेस्टरला केला. आजची नळी 1928 ची, त्याचा विद्यार्थी म्यूलर याच्यासोबत केलेली. नळीत एक इलेक्ट्रॉन सुटला की तारेकडे धावताना तो हजारोंना उठवतो, आणि टक् होतं. तो पहिला इलेक्ट्रॉन किरणोत्सारानं सोडवला की उन्हानं, हे नळी सांगत नाही. दारावर थाप पडली एवढंच कळतं. गंमत अशी की या स्फोटातूनही अतिनील किरण निघतात आणि धातूवर आपटून नळी पुन्हा पुन्हा वाजवतात. ट्रोस्ट नावाच्या संशोधकानं 1937 साली त्यावर उपाय काढला तो अल्कोहोलच्या वाफेचा. ती वाफ हे किरण पिऊन टाकते. आमच्या घरात तेवढी एक नळीच पिणारी निघाली!

आणि घरातले ठोके? ते मातीतले आणि आकाशातले. आकाशातून येणाऱ्या याच विश्वकिरणांच्या मागे मुंबईचे होमी भाभा होते. महायुद्धात ते बंगळुरूला अडकले, तेव्हा 1944 साली त्यांच्या गटानं गायगर नळ्या अमेरिकी लष्करी विमानातून 30,000 फुटांपर्यंत चढवल्या. पुढच्याच वर्षी टाटा मूलभूत संशोधन संस्था सुरू झाली, ती अशीच मोजणी घेऊन. त्या काळी काचेच्या पुष्कळ नळ्या बाहेरून काळ्या रंगवत. का, ते आता सांगायला नको.

भाच्यानं नळीच्या तोंडावर खिडकीची काच धरली. ठोके उतरले. मी म्हटलं, सुटलो! पण सर म्हणाले, थांबा. काच ऊन अडवते तसे फरशीतून आलेले बीटा कणही अडवते. मग पातळ काळा कागद घेतला. त्यातून प्रकाश जात नाही, बीटा बहुतेक जातात. ठोके पुन्हा उतरलेच. नोटा तपासायचा जांभळा दिवा लावला, नळी ढिम्म. पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रातला दिवा पेटीत झाकून लावला (तो उघड्या डोळ्यांनी पाहायचा नसतो), तर ठोक्यांचा पाऊस. पहिल्याची तरंगलांबी 365 नॅनोमीटर, दुसऱ्याची 254. अ‍ॅल्युमिनियमला साधारण 300 च्या खालची लागते, आणि दुपारच्या उन्हात त्या सीमेवरचे थोडेसे किरण जमिनीपर्यंत पोचतात.

तरी त्याचं मन भरेना. आमचा दगड म्हणजे दख्खनचा बेसाल्ट, ग्रॅनाइटच्या मानानं त्यात युरेनियम-थोरियम फार कमी, हे सरांनी सांगून झालं होतं. शेवटी इशाच्या नमाजनंतर, अंधारात, नळी त्याच फरशीवर ठेवून तासभर आम्ही दोघं ठोके मोजत बसलो. घरात होते तितकेच आले.

तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "मग अम्मीला कशानं झालं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. डॉक्टरांकडेही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्यानं बाजारातून काळ्या रंगाची डबी आणली आणि नळीचं तोंड रंगवून टाकलं.