चित्रफितीची रंगीत तालीम



नाटकाच्या पहिल्या प्रयोगापूर्वी रंगीत तालीम होते, हे आपणा सर्वांस ठाऊक आहे. नटांची भाषणे पाठ असतात, पदे बसलेली असतात. तरीही पोशाख, दिवे आणि पडदे ह्यांसह सारे नाटक एकदा उभे करून पाहिल्याशिवाय जाणता दिग्दर्शक तिकिटाची खिडकी उघडू देत नाही. त्या रात्री तो विंगेत उभा राहत नाही. प्रेक्षागृहाच्या शेवटच्या रांगेत जाऊन बसतो. नैवेद्याचा स्वयंपाक चाखायचा नसतो, हा आपल्याकडचा नियम. परंतु नाटक हा नैवेद्य नव्हे. ते वाढण्यापूर्वी चाखावेच लागते. आणि चाखायचे ते कर्त्याच्या जिभेने नव्हे, तर खाणाराच्या जिभेने.

घरी टिपलेल्या आणि घरीच जुळवलेल्या चित्रफितीची अशी रंगीत तालीम कशी होत आली, हा आज माझा विषय आहे. विषय लहान दिसतो. परंतु आपल्या कपाटांत पडून असलेल्या लग्नामुंजींच्या आणि बारशांच्या चित्रफितींशी त्याचा निकटचा संबंध आहे.

आरंभ आपल्याच मुंबईत करू. १९१२ साली दादासाहेब फाळके लंडनहून कॅमेरा घेऊन आले. भांडवल नव्हते. त्यांनी कुंडीत वाटाण्याचे रोप लावले, त्याच्या वाढीची चित्रे दिवसामागून दिवस एकेक करून टिपली आणि ‘अंकुराची वाढ’ हा चिमुकला चित्रपट तयार केला. तो त्यांनी निवडक मंडळींना दाखवला आणि त्याच्या बळावर कर्ज मिळवले. कोऱ्या फितीला भोके पाडण्यापासून ती धुण्यापर्यंतच्या कामांत सरस्वतीबाई त्यांच्या बरोबरीने राबत होत्या. ३ मे १९१३ रोजी गिरगावातील कॉरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लागला, त्याच्या पाठीशी ही घरगुती तालीम होती. ते रोप पडद्यावर वाढताना दिसले, तेव्हाच इतरांचा विश्वास बसला.

इकडे हे घडत असता, तिकडे अमेरिकेत इवान सेरूरियर नावाच्या डच वंशाच्या अभियंत्याच्या मनात निराळाच विचार होता. व्हिक्ट्रोला ह्या फोनोग्राफने जसे घरोघर गाणे नेले, तसे आपण घरोघर चित्र न्यावे, ह्या हेतूने त्याने १९१७ साली एका यंत्राची कल्पना केली व त्याचे नाव मूव्हिओला ठेवले. १९२० साली त्याची किंमत ६०० डॉलर होती. अर्थातच फारसे गिऱ्हाईक फिरकले नाही. पुढे डग्लस फेअरबँक्स ह्यांच्या स्टुडिओतील एका संकलकाने सुचवले की, हे यंत्र आमच्या उपयोगाचे करून द्या. तोवर संकलक फीत उजेडाकडे धरून, बोटांनी सरकवीत, अंदाजाने कापत असे. १९२४ साली संकलनाचा मूव्हिओला जन्मास आला. घरच्या प्रेक्षकासाठी योजलेले यंत्र अशा रीतीने संकलकाच्या मेजावर गेले. कर्त्यालाही प्रेक्षक व्हावे लागते, हेच ह्या अपघाताने सिद्ध केले.

घरगुती चित्रणाची खरी सुरुवात १९२३ साली कोडॅक कंपनीच्या १६ मिलिमीटर फितीने झाली. १९३२ साली ८ मिलिमीटरची फीत आली आणि खर्च आणखी उतरला. ह्या फितींची गंमत अशी की, कॅमेऱ्यात जी फीत फिरली तीच धुऊन, पडद्यावर दाखवण्याजोगी होऊन परत येई. स्वस्ताई झाली खरी. पण निगेटिव्ह हाती नाही, प्रत एकच. कापले ते मूळच कापले, आणि पाहताना ओरखडा उठला तर तो कायमचा उठला. म्हणून घरचा संकलक हाताने फिरवायच्या लहानशा दर्शकात फीत बघे आणि मग प्रोजेक्टर लावून भिंतीवर ताडून घेई. तळहाताएवढ्या काचेवर गोजिरे दिसणारे मूल भिंतीवर अस्पष्ट, हललेले निघे. लहान पडदा दोष झाकतो, हा पहिला धडा लोक असा शिकले.

१९५६ साली अँपेक्स कंपनीने चित्रे नोंदणारे चुंबकीय फितीचे यंत्र दाखवले आणि सगळाच व्यवहार पालटला. सिनेमाची फीत उजेडाकडे धरली की निदान चित्र दिसे. चुंबकीय फितीवर डोळ्यांना काहीच दिसेना. आरंभीचे तंत्रज्ञ फितीवर लोहकणांचे द्रावण लावीत, सूक्ष्मदर्शकातून खुणेची रेघ शोधीत आणि पात्याने फीत कापीत. तेव्हापासून पडदा ही चैन राहिली नाही. तो संकलकाचा डोळाच झाला. १९७१ साली सीएमएक्स ६०० हे संगणकावर चालणारे संकलनयंत्र आले. त्यात दोन कृष्णधवल पडदे होते आणि संकलक प्रकाशलेखणीने पडद्यावरच खुणा करी. मूळ फीत न कापता आधी जुळणी पाहायची आणि मग निर्णय पक्का करायचा, ही रीत तिथून रूढ होत गेली.

सामान्य माणसापर्यंत हे पोहोचण्यास वेळ लागला. १९७५ साली बीटामॅक्स व १९७६ साली व्हीएचएस आले. आपल्याकडे १९८२ च्या आशियाई क्रीडासामन्यांबरोबर रंगीत दूरचित्रवाणी आली आणि त्या दशकात लग्नाची कॅसेट हा आहेराइतकाच आवश्यक प्रकार होऊन बसला. दोन व्हीसीआर जोडून, एकावरचे दुसऱ्यावर उतरवून घेणे, हेच त्या वेळचे घरगुती संकलन. त्यात प्रत्येक प्रतीगणिक चित्र विटे. पण एक सुख होते. संकलक आणि प्रेक्षक दोघेही एकाच जातीच्या टीव्हीकडे बघत.

हे सुख संगणकाने हिरावून घेतले. १९९५ साली डीव्ही फीत आली आणि संकलन संगणकाच्या पडद्यावर होऊ लागले. पाहणे मात्र टीव्हीवरच राहिले. ह्या दोन पडद्यांचे स्वभाव निराळे. त्या काळचा टीव्ही सेकंदाला ५० अर्धी चित्रे दाखवी. आधी विषम रेघा, मग सम, किंवा उलट. संगणक दोन्ही एकदम दाखवी, म्हणून धावणाऱ्या मुलाच्या कडेला फणीचे दात दिसत. ते पाहून नवशिका घाबरे. टीव्हीवर ते दिसतच नसत. उलट अर्ध्या चित्रांचा क्रम चुकला, तर संगणकावर सहसा काही जाणवत नसे. टीव्हीवर मात्र तेच मूल दोन पावले पुढे, एक पाऊल मागे असे अडखळत चाले. टीव्ही चित्राच्या कडाही झाकी. संगणकावर ऐटीत मिरवणारे ‘चि. सौ. कां.’ टीव्हीवर आले की त्यातला ‘चि.’ चौकटीआड गडप! म्हणून चित्राच्या मधल्या ८० टक्के भागातच अक्षरे ठेवावीत, असा दंडक पडला. काळ्या-पांढऱ्याची मोजपट्टीही वेगळी. संगणक ० ते २५५ मोजतो, तर व्हिडिओत काळा १६ वर आणि पांढरा २३५ वर धरतात. हा हिशेब चुकला की आजीच्या चंद्रकळेच्या निऱ्या एकाच काळ्या डागात मिसळून जातात.

डीव्हीच्या काळात ह्यावर सोपा उपाय होता. संगणकाला फायरवायरने कॅमेरा जोडावा, कॅमेऱ्याला टीव्ही जोडावा. जुळवलेले चित्र तत्काळ टीव्हीवर दिसे. २००३ साली एचडीव्ही ही उच्च-सुस्पष्टतेची पद्धत जाहीर झाली आणि हा उपाय लंगडा पडला. कारण समजून घेण्यासारखे आहे. जुन्या पद्धतीत एका चित्रात सुमारे ४ लाख बिंदू होते. पूर्ण एचडी चित्रात ते २० लाखांवर जातात. एचडीव्हीत १४४० गुणिले १०८० बिंदूंचे चित्र त्याच लहान फितीवर, सेकंदाला त्याच २५ मेगाबिटांत बसवायचे होते. म्हणून १२ चित्रांचा गट करून त्यातले एकच चित्र पूर्ण नोंदत. बाकीच्या ११ चित्रांत केवळ फरकाची टिपणे. गटाच्या मध्येच काप दिला की टिपणे निराधार होतात. गट नव्याने रचावा लागतो. त्या काळच्या घरगुती संगणकांना हे चालत्या चित्रात जमणे अवघड होते. डीव्हीत प्रत्येक चित्र स्वयंपूर्ण होते, म्हणून तिथे ही अडचण नव्हती.

मग लोकांनी दुसरी वाट काढली. कॅमेऱ्याला वगळून संगणकातून सरळ दुसऱ्या पडद्यावर चित्र नेले. २००२ साली निश्चित झालेल्या एचडीएमआय जोडणीमुळे एकाच तारेतून चित्र आणि आवाज दोन्ही टीव्हीपर्यंत जाऊ लागले. २००६ च्या सुमारास अशी चित्रे बाहेर काढणारी स्वतंत्र कार्डेही सामान्यांच्या आवाक्यात आली. एका पडद्यावर अवजारे, दुसऱ्यावर पूर्ण चित्र, अशी मांडणी घराघरांत दिसू लागली. आज तर मोबाईलवर जुळवलेले चित्र तारेवाचून दिवाणखान्यातील टीव्हीवर जाते. सोय वाढली, तालीम करण्याची सवय मात्र कमी झाली आहे, असे मला वाटते.

श्रोतेहो, हा केवळ यंत्रांचा इतिहास असता तर मी आपली संध्याकाळ घेतली नसती. एचडीव्हीच्या त्या लहान फिती आजही पुष्कळ घरांत आहेत आणि त्या वाचणारे कॅमेरे एकेक करून बंद पडत आहेत. ज्यांच्या आवाजाची दुसरी खूण उरलेली नाही, अशी माणसे त्या फितींत आहेत. तेव्हा कॅमेरा चालतो आहे तोवर त्या उतरवून घ्या. आणि उतरवल्यावर घाईने मूळ फीत टाकून देऊ नका. घरातला सर्वांत मोठा पडदा लावा, घरातल्या सर्वांत वडील माणसाला मधल्या खुर्चीत बसवा, आणि त्यांच्या शेजारी बसून ती प्रत आरंभापासून शेवटपर्यंत एकदा पाहा. कुठे आवाज तुटतो, कुठे चेहरा काळवंडतो, कुठे नाव कापले जाते, हे तिथेच कळेल. आणि मूळ फीत हाती असेल, तर दुरुस्तही करता येईल.