नगरी वाड्यातली ओसरी आणि माजघर

अहिल्यानगर जिल्ह्याच्या मध्य आणि पूर्व भागात पाऊस जेमतेम पडतो, म्हणून तिथले जुने घर धाब्याचे, म्हणजे सपाट मातीच्या छपराचे. जिल्ह्यातल्याच अकोले तालुक्याच्या डोंगरात धो धो पावसामुळे छपरे उतरती करावी लागत. इकडे मात्र तुळयांवर किलचा, त्यावर झाडपाला आणि वर पांढऱ्या मातीचा जाड थर दिला की काम भागे. मृगाआधी धाब्यावर उगवलेले गवत उपटून नवी माती चोपली जाई आणि पन्हाळी मोकळ्या केल्या जात. भिंती रुंद असल्याने ऐन वैशाखातही आत गारवा राही.

पाटील, देशमुख, सरदार यांच्या वस्तीत याच बांधणीचा वाडा झाला. 1725 मध्ये अहिल्याबाईंचा जन्म जिथे झाला ते जामखेड तालुक्यातले चौंडी, महादजी शिंद्यांच्या वाड्यांची जामगाव आणि श्रीगोंदा, सालबाईच्या तहानंतर रघुनाथराव पेशवे येऊन राहिले ते कोपरगाव, ही या जिल्ह्यातली ठळक नावे. रघुनाथराव 1783 मध्ये कोपरगावातच वारले. वैभव कमी-जास्त असले, तरी वाड्याची मूळ मांडणी बरीचशी ठरलेली असे.

घरात कोण कुठवर येणार, हे या मांडणीने ठरे. मोठ्या दरवाजातल्या दिंडीतून वाकून आत शिरले की देवडी लागे. तिथून पुढे चौक, आणि चौकातून दोन-तीन पायऱ्या चढले की ओसरी. निरोप्या देवडीवर थांबे, कुळे आणि गावकरी चौकात बसत, पाहुणा ओसरीवर किंवा सोप्यावर टेके. माजघराचा उंबरठा मात्र घरच्यांचा. त्यामागे स्वयंपाकघर, देवघर, बाळंतिणीची खोली आणि परसदार. मोठ्या वाड्यात दुसरा चौक निघे. पहिल्या चौकात कितीही माणसे जमली तरी मागच्या चौकातली धुणी-वाळवणे बिनघोर चालत.

सामान अगदी मोजके, आणि या घराचे खरे शहाणपण त्यातच दिसते. दिवा कोनाड्यात, पागोटे खुंटीवर, भांडी फडताळात, धान्य बळदात किंवा पेवात. कपाटाचे काम भिंतीच करत, त्यामुळे जमीन मोकळी राही. ओसरीवर सकाळी जाजम आणि लोड पडले की कचेरी भरे, दुपारी पाट मांडले की पंगत बसे, रात्री त्याच जागी पाहुण्यांची अंथरुणे पडत. लग्नकार्यात चौकावर मांडव घातला की शंभर पाने सहज उठत. पाहुण्यांसाठी वेगळे दालन बांधून ते वर्षभर बंद ठेवण्याची चैन या कोरडवाहू मुलखाला परवडणारी नव्हती.

मात्र कोणी कुठवर यायचे, हा आडपडदा सर्वांना सारखा नव्हता. उंबरठ्याबाहेर कोणी थांबायचे हे पुष्कळदा जातीवरून ठरे. काही जणांना चौकातही येऊ दिले जात नसे. माजघराचा एकांत बाईच्या वाट्याला येई तो निवड म्हणून नव्हे, तर बंधन म्हणून. पंगतीचा सारा स्वयंपाक तिचा आणि जेवण शेवटी. वाड्याच्या आतिथ्याचे कौतुक करताना ही बाजू झाकणे अन्यायाचे होईल.

विसाव्या शतकात वाडे आतूनच फुटत गेले. वाटणी खणांवर, म्हणजे दोन खांबांमधल्या जागांवर होई: एका भावाला चार खण, दुसऱ्याला तीन, आणि चौकाच्या मधोमध भिंत. चांगले लाकूड महागले, धाबे चोपणारे हात कमी झाले, आणि लोखंड-सिमेंटचा स्लॅब आला. स्लॅबला दरवर्षीची डागडुजी नको, ही मोठी सोय; उन्हाळ्यात तो तापतो, हा तोटा. नव्या घरात दार उघडताच हॉल आणि हॉलला लागूनच स्वयंपाकघर असते. देवडी, चौक, ओसरी हे टप्पे गेल्यामुळे दारात आलेल्याला थेट घरात घ्यावे लागते. म्हणून गावोगावच्या बंगल्यांपुढे पोर्च आणि ओटा पुन्हा बांधला जातो, आणि कामापुरता आलेला माणूस तिथेच खुर्ची टाकून बसतो.