सूत्र, दृष्टांत, दार्ष्टान्तिक : गोष्ट वाचण्याची एक जुनी मराठी रीत

१/ हिंगोलीहून वाशीमकडे जाताना, मराठवाडा संपून विदर्भ सुरू होण्याच्या सुमारास कनेरगाव नाका लागतो. संत नामदेवांचे जन्मस्थान मानले जाणारे नरसी आणि ज्योतिर्लिंगाचे औंढा नागनाथ, दोन्ही याच जिल्ह्यात. नामदेवांसाठी देऊळ फिरल्याची गोष्ट या परिसरात घरोघरी सांगितली जाते.

२/ हीच गोष्ट शाळेच्या कथालेखनात आली तर काय होते? मुद्दे दिलेले असतात. विद्यार्थी ते जोडतो, शीर्षक देतो आणि शेवटी तात्पर्य लिहितो : खऱ्या भक्तीला देव पावतो. गुण मिळतात. परंतु या एका ओळीत गोष्टीतले नेमके काय हरवले, हे विचारण्याची सवय त्याला लागत नाही.

३/ ही सवय लावणारी एक पद्धत मराठीत सातशे वर्षांपूर्वी लिहून ठेवलेली आहे. तिच्यासाठी यादवकाळात जावे लागेल.

४/ तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात महानुभाव पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी लोकभाषेत निरूपण करत. अवघड तत्त्व समजावताना ते गाव, शेत, घर, बाजार यांतली छोटी गोष्ट सांगत. त्यांच्यानंतर पंथाची धुरा नागदेवाचार्यांकडे आली. त्यांच्या शिष्यवर्गातील केसोबासांनी या गोष्टी एकत्र करून ‘दृष्टांतपाठ’ सिद्ध केला. त्यात ११४ दृष्टांत आहेत.

५/ ग्रंथाची रचना मुद्दाम पाहण्याजोगी आहे. आधी सूत्र, म्हणजे चक्रधरांचे मूळ वचन. मग दृष्टांत, म्हणजे त्यांनी सांगितलेली गोष्ट. शेवटी दार्ष्टान्तिक, म्हणजे गोष्टीतल्या कोणत्या अंगाचा सूत्रातल्या कोणत्या अंगाशी मेळ बसतो याचा उलगडा.

६/ यातील सूत्र व दृष्टांत चक्रधरांचे, तर दार्ष्टान्तिक केसोबासांचे. म्हणजे गोष्ट गुरूची, आणि तिचे विश्लेषण शिष्यपरंपरेतील अभ्यासकाचे. दोन्ही एकाच पानावर असूनही एकमेकांत मिसळलेली नाहीत. वाचकाला गोष्ट कुठे संपते आणि अर्थ लावणे कुठे सुरू होते, हे स्पष्ट दिसते.

७/ हा भेद किती मोलाचा आहे, ते हत्ती आणि आंधळ्यांच्या गोष्टीवरून कळते. ‘दृष्टांतपाठा’त ती आहेच. पाली ‘उदान’ ग्रंथातही आहे : तिथे श्रावस्तीचा राजा जन्मांधांना जमवतो, ते हत्ती चाचपून भांडू लागतात, आणि बुद्ध हा दाखला परस्परांशी वाद घालणाऱ्या पंथीयांना लावतात.

८/ चक्रधरांच्या काळाला जवळचा फारसी कवी म्हणजे १२७३ मध्ये निवर्तलेला जलालुद्दीन रूमी. त्याच्या ‘मस्नवी’तही हत्ती आहे, पण तिथे कोणी आंधळे नाही. घरात अंधार आहे. प्रत्येकाच्या हाती मेणबत्ती असती तर भेद मिटला असता, असे तो म्हणतो. हत्ती तोच, पण दोष एकीकडे डोळ्यांचा आणि दुसरीकडे उजेडाचा. म्हणून ‘या गोष्टीचे तात्पर्य काय’ या प्रश्नाआधी ‘कोणी, कोणाला, कशासाठी सांगितली’ हा प्रश्न यावा लागतो.

९/ महानुभावांनी या प्रश्नाचीही सोय केली होती. म्हाइंभटांनी ‘लीळाचरित्र’ रचताना चक्रधरांच्या सहवासातील माणसांकडून आठवणी गोळा केल्या. परंपरेनुसार पुढे परचक्राच्या धामधुमीत मूळ प्रत गेली आणि शिष्यांनी स्मरणातून पाठ पुन्हा उभे केले. त्यांत हिराइसा या स्त्रीचे नाव आदराने घेतले जाते. एकाच प्रसंगाविषयी दुसरी आठवण वेगळी असेल, तर तो पाठभेद ‘वासना’ म्हणून नोंदवलेला आढळतो. गैरसोयीची आठवण पुसून गोष्ट गुळगुळीत करण्याऐवजी त्यांनी दोन्ही ठेवल्या.

१०/ हे ज्ञान कोणासाठी, हेही ठरलेले होते. केसोबास संस्कृतचे पंडित. त्यांना संस्कृतात रचना करण्यापासून नागदेवाचार्यांनी परावृत्त केले; त्यामुळे पंथातल्या साध्यासुध्या म्हाताऱ्या स्त्रिया वंचित राहतील, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. पुढे मात्र हे ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत बंद झाले. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे यांनी ती लिपी उलगडली, तेव्हा ते बाहेरच्या वाचकांना खुले होऊ लागले.

११/ मधल्या काळात छापील शालेय पुस्तके आली होती. सदाशिव काशिनाथ छत्रे यांची मराठी ‘इसपनीतिकथा’ १८२८ ची. इसापाच्या कथेमागून येणारा बोध हाच गोष्ट शिकवण्याचा नमुना ठरत गेला. बोध वाईट नव्हे. पण तो एकच असतो, तयार असतो, आणि विद्यार्थ्याने तो फक्त ओळखायचा असतो.

१२/ आता कनेरगाव नाक्याच्या परिसरातल्या त्या गोष्टीकडे परत येऊ. शिखांच्या आदिग्रंथाचे संकलन १६०४ मध्ये झाले. त्यात नामदेवांच्या नावावर ६१ पदे आहेत, आणि देऊळ फिरल्याचा प्रसंग त्यांतील काही पदांत येतो. एका पदात नामदेव सांगतात की आपण भक्तीत रंगलो असताना आपल्याला धरून उठवण्यात आले. आपली जात हीन मानली जाते, छिप्याच्या घरी आपण का जन्मलो, असे ते देवालाच विचारतात. मग कांबळे उचलून देवळामागे जाऊन बसतात. देऊळ तिकडे वळते.

१३/ त्या पदात औंढ्याचे नाव नाही. औंढ्याला नंदी देवळाच्या मागच्या बाजूस दाखवतात आणि त्याचे कारण म्हणून ही गोष्ट सांगतात. पदातली गोष्ट अपमानाची आहे. मंदिरात सांगितली जाणारी गोष्ट नंदीच्या जागेची आहे. वहीतली गोष्ट भक्तीच्या फळाची आहे. महानुभावांच्या भाषेत म्हणायचे तर एका दृष्टांताच्या या वेगवेगळ्या वासना.

१४/ तिसऱ्या वासनेत नामदेवांना उठवणारा हात दिसेनासा होतो. ‘खऱ्या भक्तीला देव पावतो’ हे वाक्य खोटे नाही, परंतु ज्याला जातीमुळे दारातून उठवले त्याची तक्रार त्यात उरत नाही. तात्पर्याच्या घाईची किंमत ही अशी असते, आणि ती बहुधा गोष्टीतला दुबळा माणूस चुकवतो.

१५/ म्हणून शिक्षकांनी आणि इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी एक उपक्रम करून पाहावा. आपल्या गावची एक आख्यायिका घ्यावी आणि वहीचे चार रकाने करावेत. पहिल्यात गोष्ट, जशी ऐकली तशी. दुसऱ्यात ती ज्या विधानासाठी सांगितली जाते ते विधान. तिसऱ्यात गोष्टीतले कोण आणि काय त्या विधानातल्या कशाशी जुळते. चौथ्यात वासना : आजीने, पुजाऱ्याने, पुस्तकाने काय वेगळे सांगितले.

१६/ यानंतर तीच गोष्ट स्वतःच्या शब्दांत लिहावी. देवळातून उठवल्या गेलेल्या माणसाच्या बाजूने, किंवा उठवणाऱ्याच्या बाजूने. कोणता रकाना रिकामा राहिला, तेही त्याखाली नोंदवावे. फोनवर रोज येणाऱ्या ‘खऱ्या इतिहासा’च्या गोष्टींनाही हेच रकाने लावता येतात. त्यांत चौथा रकाना बहुतेकदा कोराच असतो.